दर फुरशामागे दोन आणे

डिसेंबर १८६२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात मेलेल्या फुरशाचा भाव वाढला. तोवर एक फुरसे मारून आणून दिले की सरकारकडून सहा पै, म्हणजे अर्धा आणा मिळत असे. त्या दरानेही वर्षाला सरासरी २,२५,७२१ फुरशी जमा होत होती. ही सहा वर्षांची सरासरी. मग प्रयोग म्हणून दर दोन आण्यांवर नेला आणि आठ दिवसांत १,१५,९२१ फुरशी हजर झाली. हिशेब केला तर या आठवड्याचे बक्षीस १४,४९० रुपयांवर जाते. जुन्या दराने अख्ख्या वर्षाला साधारण सात हजार लागत होते.

ज्याच्यासाठी एवढा खजिना रिकामा होत होता तो साप जेमतेम वीतभर ते दीड वीत. मोठे फुरसेही क्वचितच दोन फुटांच्या जवळ जाते. अंगाचा रंग फिकट तपकिरी किंवा मातकट, पाठीवर पांढुरक्या ठिपक्यांची रांग, बाजूंना नागमोडी रेघ. मानेपेक्षा रुंद डोक्यावर बाणासारखी किंवा पक्ष्याच्या पावलासारखी फिकट खूण, मोठे डोळे आणि त्यांत उभ्या बाहुल्या. डिवचले की फुरसे पळत नाही. अंगाची वेटोळी एकमेकांत अडकवून ती सतत घासत राहते. कुशीवरचे खवले तिरपे बसलेले आणि करवतीसारखे दातेरी असल्यामुळे त्या घासण्यातून कोरडा खरखर आवाज निघतो. चावतेही विजेच्या वेगाने.

शास्त्राच्या दप्तरात ते आले ते कोकणातून नव्हे, तमिळनाडूतल्या आर्णीहून. तिथल्या सापाचे चित्र पॅट्रिक रसेलने १७९६ मध्ये छापले आणि १८०१ मध्ये श्नायडर या जर्मन अभ्यासकाने त्याला शास्त्रीय नाव दिले.

तरी या सापाबद्दल सर्वांत जास्त बोलले गेले ते रत्नागिरीतच, आणि त्याचे कारण तिथल्या जमिनीत आहे. त्या काळच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजचे देवगड, मालवणही येत. या पट्ट्यात किनाऱ्याच्या वर जांभ्याचे सपाट सडे पसरलेले आहेत. पावसाळ्यात त्यांवर गुडघाभर गवत माजते, दिवाळीनंतर ते वाळते आणि उन्हाळ्यात काळा कातळ तापून निघतो. फुरशाला दाट जंगल मानवत नाही. त्याला हवी उघडी, कोरडी, दगडाळ जागा. सुट्या दगडाखालची सावली, जांभ्यातली भेग, गडग्याच्या चिऱ्यांमधली फट, एवढ्यात त्याचे घर होते. रात्री बाहेर पडून ते विंचू, गोमा, बेडूक, पाली, उंदराची पिल्ले असे मिळेल ते खाते. पावसाळ्यात ओल वाढली की झुडपावरही चढून बसते. शिवाय ते अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देते.

म्हणजे सरकार डोकी मोजत होते आणि सडा ती पुन्हा भरून काढत होता. दरवर्षी सव्वादोन लाख फुरशी मारूनही आठ दिवसांत आणखी लाखभर सापडतात, यातच बक्षिसाच्या धोरणाचा निकाल लागलेला दिसतो. दगड उलटवायला माणसे कमी नव्हती, पण उलटवलेल्या दगडाखालची फट तशीच राहत होती.

आकड्यांकडे वेगळ्या नजरेने पाहिले ते जी. डब्ल्यू. व्हिडाल या सनदी अधिकाऱ्याने. दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांवर लिहिणाऱ्या या गृहस्थाने १८९० मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात सर्पदंशाच्या सरकारी नोंदींची झडती घेतली. त्याचा मुद्दा असा, की मुंबई इलाख्यात जिथे सर्पदंशाचे बळी जास्त, ते जिल्हे फुरशांचेही आहेत: एकीकडे सिंधचा वाळवंटी भाग, दुसरीकडे रत्नागिरी. दोष मात्र नागाच्या माथी मारला जात होता. नाग चावला तर काही तासांत सोक्षमोक्ष लागतो. फुरसे चावलेला माणूस कित्येकदा चार-पाच दिवस झिजून जातो. एवढ्या काळात दंश आणि मृत्यू यांची सांगड सुटणे सोपे.

या रेंगाळणाऱ्या मरणाचे कारण रक्तात आहे. फुरशाचे विष रक्त गोठवणारी यंत्रणा चालू करून तिच्यातला माल संपवून टाकते. मग हिरड्यांतून, जुन्या जखमेतून, लघवीतून रक्त जाऊ लागते. ग्रामीण रुग्णालयात याची परीक्षा आजही साध्या साधनाने होते. रुग्णाचे दोन मिलिलिटर रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घेतात आणि नळी वीस मिनिटे न हलवता ठेवतात. मग ती एकदा तिरकी करतात. रक्ताची गुठळी न होता ते वाहिले, तर प्रतिविष सुरू करायचे.

हे प्रतिविष हाताशी आल्यावर फुरशाची किंमत त्याच्या विषावर ठरू लागली. परळच्या हाफकिन संस्थेत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालणारी लस तयार होऊ लागली. त्यासाठी घोड्यांना विष थोड्या थोड्या मात्रेत टोचतात आणि त्यांच्या रक्तातून प्रतिविष वेगळे काढतात. विष मिळवायचे तर साप जिवंत हवा. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप मारण्यावरच बंदी आली.

सड्यांचे रूपही बदलले. सुरुंगाने खड्डे पाडून, माती भरून तिथे हापूसची कलमे लागली. कलमाच्या बुंध्याभोवतीची बेणणी, गडगा रचणे, चिरे उचलणे ही कामे हातांचीच राहिली, आणि फुरशाच्या दंशाच्या जागाही बहुधा हाताची बोटे आणि पाऊल याच.

प्रतिविषासाठी लागणारे विष आता मुख्यतः चेन्नईजवळच्या इरुला सर्पपकड्यांच्या सहकारी संस्थेकडून येते; ही संस्था १९७८ मध्ये सुरू झाली. ते विष तमिळनाडूतल्या फुरशांचे. राजस्थानातले फुरसे आकाराने मोठे, त्याच्या विषाची घडणही वेगळी. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांना तिथल्या विषापुढे बाजारातले प्रतिविष कमी पडताना आढळले. त्यामुळे प्रदेशाप्रदेशातल्या सापांचे विष वेगवेगळे गोळा करून त्याप्रमाणे लस बनवावी, अशी मागणी अभ्यासक करू लागले आहेत.