पीनट बटर केकच्या मागे जळगावचा दाणा

आजचा भाग खाण्याचा आहे, पण रेसिपी मध्येच कुठेतरी येईल. आधी थोडा इतिहास.

पीनट बटर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जिमवाली बरणी येते. अमेरिकन वस्तू. आणि शेंगदाणा? तो आपला. भरितात, ठेच्यात, शेवभाजीच्या रश्श्यात, उपासाच्या खिचडीत. खरं तर भुईमूगही बाहेरचाच. तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा, आणि तिथले लोक हजारो वर्षांपासून दाणे खात आलेत. पोर्तुगीज आणि स्पॅनिश जहाजांबरोबर तो जगभर फिरला. तमिळमध्ये त्याला आजही 'मनिला कोट्टै' म्हणतात, म्हणजे मनिलाची बी. बंगालीत तो 'चिनाबादाम'. प्रवासाचा पत्ता नावातच राहिलाय.

आपल्याकडे तो मोठं पीक झाला १९ व्या शतकात. फ्रान्समधल्या मार्सेलच्या साबण कारखान्यांना तेल हवं होतं, म्हणून पाँडिचेरीच्या बाजूने दाणा जहाजात चढायला लागला. शतकाच्या शेवटी मुंबई इलाख्यात पिकावर रोग पडला, पेरा घसरला. मग बाहेरून नवे वाण आणून पीक पुन्हा उभं केलं गेलं.

आता अमेरिकेत जाऊ. १८८४ मध्ये माँट्रियलच्या मार्सेलस एडसनने भाजलेल्या दाण्यांच्या लगद्याचं पेटंट घेतलं. १८९५ मध्ये डॉ. जॉन केलॉगने पेटंटसाठी अर्ज केला. हो, तोच कॉर्नफ्लेक्सवाला. त्याच्या आरोग्यधामात रुग्णांना मांसाऐवजी द्यायला पदार्थ हवे होते. पीनट बटरचा जनक म्हणून ज्यांचं नाव व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं, त्या जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी ते शोधलेलं नाही. त्यांचं काम वेगळं, आणि मला ते जास्त मोठं वाटतं.

कार्व्हर गुलामगिरीत जन्मले आणि पुढे अलाबामातल्या टस्कीगीत शेतीशास्त्र शिकवायला लागले. तिथली जमीन वर्षानुवर्षं कापूस घेऊन दमलेली, त्यात बोंडावर भुंगेरा आलेला. ते शेतकऱ्यांना म्हणाले, भुईमूग लावा, मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात. पण एवढा दाणा खाणार कोण? म्हणून १९१६ मध्ये त्यांनी एक पुस्तिका काढली: भुईमूग कसा लावावा आणि तो खायच्या १०५ पद्धती. त्यात सूप आहे, पाव आहे आणि केकही आहेत. म्हणजे दाण्याच्या केकमागे चैन नव्हती. कापसात अडकलेल्या गरीब शेतकऱ्याच्या घरात दुसरं काहीतरी शिजावं, ही खटपट होती. आपण खान्देशी लोकांना हे वेगळं समजवायला नको. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तेव्हा तिथला कापूस अडला आणि आपल्याकडचा पेरा वाढला. काळी जमीन, एकच पीक, भावाकडे डोळे. सगळं ओळखीचं.

तर, रेसिपी. परवा यावलला भाच्यांसोबत हा केक केला. दाणे खमंग भाजले. सालं चोळून फुंकायचं काम पोरांचं, त्यामुळे अंगणभर सालं. दाणे मिक्सरला लावले की आधी कूट होतो. आपण नेहमी इथेच थांबतो. थांबू नका. दाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं. फिरवत राहिलं की ते सुटतं, आधी गोळा होतो, मग चकचकीत लोणी. कूट आणि पीनट बटर यांच्यात फक्त काही मिनिटांचं अंतर! त्यात गूळ, दही, दूध, कणीक, चिमूटभर सोडा. कुकरच्या तळाशी मीठ पसरून, शिट्टी आणि रिंग काढून मंद आचेवर पाऊण तास.

केक होईपर्यंत धाकटीने विचारलं, "मामा, शेंगा झाडाला कुठे लागतात?" यावल-रावेर पट्ट्यात आता बघावं तिकडे केळी. फूल वर येतं, मग आऱ्या सुटून जमिनीत शिरतात आणि शेंग मातीत भरते, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं.

आणि हे तिच्याच तालुक्यात व्हावं! फैजपूर आपल्याला १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनामुळे माहीत असतं. पण 'फैजपूर १-५' हा भुईमुगाचा वाण आहे, हे किती जणांना माहीत आहे? पुढे १९७० च्या दशकाच्या अखेरीस जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्रातून 'जेएल २४' आला. जेएल म्हणजे जळगाव. 'फुले प्रगती' म्हणतात तो हाच. मूळ बियाणं तैवानहून आलेलं, निवड जळगावात झाली. लवकर हाती येणारा हा वाण देशभर पसरला, मग आफ्रिकेत गेला. मलावीत त्याचं नाव काकोमा, झांबियात ल्युएना. मलावीतले लोक दाणे कुटून भाजीत घालतात. अगदी आपल्यासारखं.

म्हणून मुलांसोबत हा केक करताना दाणे बाजारातून शेंगांसकट आणा आणि त्यांनाच फोडू द्या. जमलं तर चार दाणे कुंडीत टोचा. तीनेक महिन्यांत शेंगा उपटायला मिळतील. कार्व्हर यांचं आणि जळगावच्या त्या केंद्राचं नाव तेव्हा सांगा. हाताला माती लागलेली असताना सांगितलेलं लक्षात राहतं.

भेटू पुढच्या भागात. तोवर दाणे भाजा, पण गॅस बारीक ठेवा!