जुन्या मारुतीचा पुढचा सांगाडा गंजला तर: काय बदलायचं, कुठे थांबायचं

मारुती ८०० पहिल्यांदा डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तरी श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडच्या गावांत ही गाडी अजून दिसते. ईदला मुंबईहून गावी जायचं असो की रात्री अम्मीला दवाखान्यात न्यायचं असो, अनेक घरांत हीच गाडी निघते. इंजिन ठीक चालतं, पण खाऱ्या हवेने आणि चार महिन्यांच्या पावसाने पत्रा आतून खाल्लेला असतो. पुढच्या बाजूचा गंज हा रंगाचा प्रश्न नसून घरच्यांच्या जिवाचा प्रश्न आहे.

पुढचे कोणते भाग महत्त्वाचे?

या गाडीला ट्रकसारखी वेगळी चेसी नसते. पत्र्याचे भाग एकमेकांना वेल्ड करून बनलेली बॉडीच सगळा भार उचलते. त्यामुळे आधी फरक समजून घ्या.

- बोल्टवर बसणारे भाग: मडगार्ड, बोनट, बंपर. हे गंजले तर गाडी वाईट दिसते, पण सांगाडा शाबूत राहतो.
- सांगाड्याचे भाग: रेडिएटरच्या वरचं आणि खालचं आडवं मेंबर, मडगार्डच्या आतला एप्रन, शॉकअप वर जिथे बसतो तो टॉवर, आणि इंजिनच्या दोन्ही बाजूंनी मागे जाणारे लांब मेंबर.

चाकाला खड्ड्यात बसलेला प्रत्येक धक्का शॉकअपमधून थेट टॉवरवर जातो. तिथला पत्रा फाटला तर चाक तिरकं होतं आणि स्टिअरिंगवर ताबा राहत नाही. समोरून टक्कर झाली तर लांब मेंबर दुमडून धक्का झेलतात. ते पोकळ झाले असतील तर तोच धक्का आत बसलेल्यांपर्यंत पोचतो.

गंज कसा ओळखायचा?

बॅटरीच्या ट्रेखाली, टॉवरच्या कडेच्या सांध्यात, खालच्या मेंबरच्या पाणी जायच्या भोकांपाशी आणि चाकामागे चिखल साचतो त्या जागी आधी बघा. रंग फुगला असेल, सांधा उलला असेल तर स्क्रू ड्रायव्हरने दाबून पाहा. चांगला पत्रा दबत नाही. हातोडीने हलकं ठोकल्यावर खणखणीत आवाज न येता भद्द आवाज आला, तर आत गंज किंवा लांबी भरलेली असू शकते. बोनटची फट एका बाजूला जास्त होणं, टायर एकाच कडेने झिजणं, खड्ड्यात कटकट आवाज येणं, याही खुणा आहेत.

गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका. गंजलेल्या मेंबरला जॅक लावला तर तो पत्र्यात घुसतो. मजबूत जागी स्टँड लावूनच खाली जा.

काम नीट कसं होतं?

गंजावर वरून पत्रा चिकटवणं, फायबर लावणं किंवा लांबी भरणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. आतला गंज चालूच राहतो, फक्त दिसत नाही. डेंटरकडे काम देताना या गोष्टी आधी बोलून घ्या:

१. मापं आधी घ्यायची. कापण्यापूर्वी दोन्ही टॉवरमधलं अंतर आणि तिरकी मापं लिहून ठेवावीत. नवा भाग त्याच मापात बसला पाहिजे.

२. आधार द्यायचा. ज्या मेंबरवर इंजिनचं माउंटिंग आहे, तो कापण्याआधी इंजिनला वेगळा आधार हवा.

३. आगीची काळजी. बॅटरी काढायची, पेट्रोलचे पाइप बाजूला घ्यायचे. सीएनजी किंवा एलपीजी किट असेल तर किटवाल्याकडून आधी गॅस बंद करून पाइप मोकळा करून घ्यायचा.

४. एका वेळी एकच बाजू. दोन्ही बाजू एकदम कापल्या तर बॉडी वाकते.

५. चांगल्या पत्र्यापर्यंत कापायचं. कंपनीचे स्पॉट वेल्ड ड्रिलने सोडवावेत. नवा भाग आधी टाके मारून बसवावा, बोनट-मडगार्ड लावून फट तपासावी आणि मगच पूर्ण वेल्ड करावा. सीओटू वेल्डिंग बरं. गॅस वेल्डिंगच्या जास्त उष्णतेने पातळ पत्रा वाकडा होतो.

६. आतून संरक्षण. सांध्यांना झिंक प्रायमर, वर सीलर, पोकळ मेंबरच्या आत मेण किंवा गंजरोधक तेल. पाणी जायची भोकं बुजवू नयेत. शेवटी व्हील अलाइनमेंट करून घ्यावी.

नवा पार्ट मिळत नसेल तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारात जुन्या गाडीचा कापलेला पुढचा भाग मिळू शकतो. घेताना तोही आतून तपासा आणि बिल मागा.

कागदपत्रं

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी होऊन ती ५ वर्षांसाठी वाढते. मूळ भागाच्या जागी तसाच भाग बसवणं म्हणजे दुरुस्ती. गाडीची रचनाच बदलली तर मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ लागू होतं. चेसी नंबर कोरलेला पत्रा कापू नका. तो भाग बदलावाच लागणार असेल तर आधी आरटीओत विचारा. त्या नंबरशी छेडछाड केल्यासारखं दिसलं तर गाडी चोरीची ठरवली जाऊ शकते.

कधी थांबायचं?

एक मेंबर किंवा एका बाजूचा एप्रन गेला असेल तर बदलण्यात अर्थ आहे. दोन्ही टॉवर, लांब मेंबर आणि पायाखालचा पत्रा सगळंच गेलं असेल, तर नवा भाग वेल्ड करायला चांगला पत्राच उरत नाही. अशी गाडी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या, जमा केल्याचं प्रमाणपत्र घ्या आणि आरटीओतली नोंद रद्द करून घ्या. नुसती भंगारवाल्याला दिली तर कागदावर गाडी तुमच्याच नावावर राहते.

विकताना

गंजावर रंग मारून गाडी विकणं आपल्या दीनमध्ये नाजायज आहे. मालातला ऐब सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे, आणि लपवलेला ऐब नंतर उघड झाला तर माल परत करण्याचा हक्क शरियतने खरेदीदाराला दिला आहे. त्याला खियार-ए-ऐब म्हणतात. गॅरेजवाल्या भाईंनीही हे लक्षात ठेवावं. गिऱ्हाईक "वरवरचं करून द्या" म्हणालं तरी टॉवर आणि मेंबरच्या बाबतीत साफ नकार द्यावा. त्या गाडीत उद्या कोणाची तरी मुलंबाळं बसणार आहेत.