डायलचं कुलूप



जुना डायलचा फोन समोर आला, की हल्लीची मुलं त्याच्या भोकांत बोट दाबत बसतात. त्यांना सांगावं लागतं, आधी रिसीव्हर उचला, आकड्याच्या भोकात बोट घाला, पट्टीला अडेपर्यंत फिरवा आणि सोडा. डायल आपोआप मागे येते. येताना ती आकड्याइतक्या वेळा तारेतला प्रवाह तोडते, एकाला एकदा, शून्याला दहादा. म्हणजे दिल्लीच्या ०११ ला १२ ठोके, मुंबईच्या ०२२ ला १४ आणि आपल्या नागपूरच्या ०७१२ ला चक्क २०!

एसटीडी देशात १९६० साली कानपूर-लखनौपासून सुरू झाली. त्याआधी, आणि बऱ्याच गावांना नंतरही, ट्रंक कॉल बुक करून वाट पाहावी लागे. बोलणं तीन-तीन मिनिटांच्या हिशेबात. बिलाच्या धाकानं कितीतरी घरांत डायलच्या भोकात छोटंसं कुलूप असे. मुलं हसतात, फोनला कुलूप कशाला? पण त्या कुलपानं अडायचं ते सुनेचं माहेर. सासर धरमपेठेत आणि आई इतवारीत असली, तरी किल्ली मागावी लागे. आलेला फोन मात्र घेता येई.

गंमत अशी, की रिसीव्हरखालचं बटण आकड्याइतक्या वेळा भराभर दाबलं, तरी प्रवाह तसाच तुटतो आणि कुलूप न उघडता नंबर लागतो. ज्या सुनेला हे उमगलं, तिनं ते कुणाला सांगितलं नसणार!

घरातल्या थोरल्या बायकांना विचारा, किल्ली कोणाकडे असायची?