आमच्या कुडाच्या भिंती

गडचिरोलीत माझ्या आजोबांच्या पिढीला विटेची भिंत परकी होती. मानवेल बांबू चिरून कामट्या काढायच्या, त्यांचा कूड विणायचा आणि दोन्ही अंगांनी शेणमातीने लिंपायचा. बांबू तोडायचा तो पावसाळा सरल्यावर, मग वाहत्या नाल्यात बुडवून ठेवायचा. त्यातला पिठूळ, गोड अंश पाण्यात उतरला की कीड सहसा लागत नाही. रसायनाविना टिकाऊपणा मिळवण्याची ही रीत मला आजही थोर वाटते. वाढताना बांबूने हवेतून घेतलेला कार्बन भिंत शाबूत असेपर्यंत भिंतीतच राहतो. वीट भाजायला मात्र इंधन जाळावं लागतं.

१९२७च्या भारतीय वन कायद्याने बांबूला, मुळात तो गवत असूनही, झाडांत गणलं. जंगलातला बांबू सरकारी झाला, तो कागद गिरण्यांकडे निघाला आणि गावकरी परवानगीच्या फेऱ्यात अडकला. २००६च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपज ठरला, तरी हक्क आपोआप हाती आला नाही. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा त्यासाठी झगडलं. २०११ साली तिथल्या ग्रामसभेच्या हाती वाहतूक परवाने आले. या गावाचा मला अभिमान आहे. २०१७ साली जंगलाबाहेरचा बांबूही झाडांच्या व्याख्येतून सुटला.

आता कायद्याची आडकाठी कमी झाली आहे. बांधकाम शिकवणाऱ्या संस्थांनी कूड विणणाऱ्या म्हाताऱ्यांना वर्गात मानाने बोलवावं, आणि ते लवकर करावं.