पाटीच्या चौकटीतली खाच

आज पन्नाशीच्या पुढे असलेल्या बहुतेक शिक्षकांनी आपले पहिले अक्षर दगडी पाटीवर गिरवले असेल. पाटी फुटली की आपण दगडाकडे पाहत असू. चौकटीकडे क्वचितच कुणाचे लक्ष जाई. त्या लाकडी चौकटीच्या आतल्या कडेला एक अरुंद खाच असे आणि तिच्यात पाटी बसे. ही खाच पट्टीच्या पृष्ठभागापासून सगळीकडे सारख्या अंतरावर असावी लागते. एका टोकाला ते अंतर ३ मिलिमीटर आणि दुसऱ्या टोकाला ४ झाले, तर पाटी सपाट बसत नाही, चौकट पिळवटते. मग हे सारखे अंतर राखायचे कुणी? कारागिराच्या हाताने, की त्याच्या हत्याराने? लाकूडकामाच्या इतिहासाचा मोठा भाग या एका प्रश्नाभोवती फिरतो.

नगर जिल्ह्यातल्या गावांत सुतार हा बलुतेदार होता. नांगर, कुळव, पाभर, गाडी यांची कामे त्याच्याकडे असत आणि मोबदला सुगीच्या वेळी धान्याच्या रूपाने मिळे. या बलुतेदारी व्यवस्थेचे चित्रण त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ या ग्रंथात केले आहे. नांगराच्या बाभळीच्या लाकडाला मिलिमीटरचा हिशेब लागत नसे. पण पाभरीच्या फणांमधले अंतर मात्र सारखे लागे, नाहीतर पेरणीच्या ओळी आणि पुढे कुळवणी-कोळपणी बिघडे. म्हणजे ‘सारखे अंतर’ ही गरज शेतातही होतीच.

दारे-खिडक्यांच्या कामात ती आणखी नाजूक झाली. तेथे सुताराने खतकस वापरला. लाकडी दांडीला एक टोकदार खिळा आणि सरकणारा ठोकळा, एवढेच हे साधन. ठोकळा लाकडाच्या कडेला टेकवून ओढला की कडेला समांतर रेघ उमटते. खाच पाडण्याच्या रंध्यातही हीच युक्ती आहे. त्याच्या बाजूला बसवलेली पट्टी लाकडाच्या कडेला घासत जाते, त्यामुळे पाते भरकटत नाही. रंधा हे हत्यार फार जुने आहे. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहराच्या उत्खननातही रंधे सापडले आहेत. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या जोसेफ मॉक्सनने कारागिरांच्या हत्यारांविषयी लिहिले, त्यात अशा खाचेच्या रंध्याचे वर्णन येते. हाताने जे सांभाळायचे त्यातला थोडा भाग पट्टीने उचलला होता.

आता पुन्हा नगरला येऊ. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरमध्ये १८३१ साली सुरू झाले. मुंबईचे गिरणीमालक सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या नावाची औद्योगिक शाळा या मिशनने शहरात चालवली. विसाव्या शतकाच्या आरंभी येथे आलेले अभियंते डी. सी. चर्चिल यांनी सुधारलेला हातमाग तयार केला आणि तो ‘चर्चिल माग’ म्हणून ओळखला गेला. नगर व भिंगार ही विणकरांची गावे. तेथे मागावर प्रयोग व्हावेत हे स्वाभाविकच होते.

मागाचा सुतारकामाशी संबंध काय, असे कुणी विचारील. दोरीच्या झटक्याने धोटा फेकणारा माग पाहा. अशी रचना इंग्लंडमध्ये जॉन के याने १७३३ साली केली. त्यात धोटा एका लाकडी पट्टीवरून धावतो आणि धावताना त्याच्या पाठीशी फणी असते. ती पट्टी व फणी सरळ असतील तरच धोटा पलीकडे पोहोचतो. नाहीतर तो उडून बाहेर पडतो. खाली सपाट तळ आणि मागे सरळ आधार: वस्तूला नेमक्या वाटेने नेण्यास एवढ्या दोन गोष्टी पुरतात.

याच दोन गोष्टींवर कारखान्यातले यंत्रकाम उभे राहिले. सॅम्युअल बेंथमने १७९० च्या दशकात लाकूडकामाच्या यंत्रांची पेटंटे घेतली. पुढे पोर्टस्मथच्या गोदीत मार्क ब्रुनेलने योजलेली आणि हेन्री मॉड्स्लेने घडवलेली यंत्रे जहाजांच्या कप्प्या बनवू लागली. १८०८ च्या सुमारास १० माणसे तेथे पूर्वीच्या ११० माणसांचे काम करीत आणि वर्षाला सुमारे १,३०,००० कप्प्या तयार होत. यात उत्पादनाचा लाभ उघड आहे. पण उरलेल्या १०० जणांच्या हातातले कौशल्य कुठे गेले, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे.

आज फर्निचरच्या कारखान्यात खाच पाडायला राउटर वापरतात. विजेच्या मोटरीला लावलेले एक छोटे पाते मिनिटाला सुमारे २२,००० फेरे घेते. हे यंत्र टेबलाखाली उलटे टांगले की पाते वर डोकावते आणि यंत्राऐवजी लाकूड सरकवायचे असते. मागे सरळ आधारपट्टी बसवतात. कारागीर तिला फेन्स म्हणतात.

शाळेच्या कार्यशाळेसाठी असे टेबल निवडताना महागडी मापपट्टी पाहून माणूस भुलतो. आधारपट्टी टेबलाच्या कडेला अगदी समांतर हवी, असेही त्याला वाटते. गोल करवतीच्या बाबतीत ते खरे आहे, कारण करवतीचे पाते म्हणजे एक रेषा असते आणि पट्टी तिला समांतर नसेल तर लाकूड अडकते. राउटरचे पाते मात्र वरून पाहता वर्तुळ आहे. वर्तुळमध्यापासून सरळ रेषेचे लंब अंतर एकच असते, रेषा कशीही तिरपी असो. म्हणून पट्टीचे एक टोक खिळवून दुसरे सरकवले तरी चालते. उलट फायदाच होतो. पाते पट्टीच्या मध्यासमोर असेल, तर टोक १ मिलिमीटर हलवल्यावर पात्यापासूनचे अंतर जवळजवळ अर्धा मिलिमीटरच बदलते.

मग पाहायचे काय? टेबल सपाट आहे का, पट्टी सरळ व टेबलाशी काटकोनात आहे का आणि घट्ट आवळल्यावर ती हलत नाही ना. रंधलेली सरळ फळी आणि दोन शिकंजे यांवरही हे काम भागते.

वेगाचा हिशेब मुलांकडून जरूर करून घ्यावा. १२ मिलिमीटर व्यासाच्या पात्याची धार २२,००० फेऱ्यांना सेकंदाला सुमारे १४ मीटर धावते. ५० मिलिमीटरचे पाते त्याच फेऱ्यांवर चालवले तर हा वेग ५८ मीटर, म्हणजे ताशी २०० किलोमीटरच्या वर जातो. म्हणून मोठ्या पात्याला फेरे कमी ठेवावे लागतात. वरून पाहता पाते घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते, म्हणून लाकूड उजवीकडून डावीकडे, धारेच्या विरुद्ध सरकवायचे. पट्टी आणि पाते यांच्या फटीतून ते कधीही घालू नये. तेथे धार लाकूड हिसकावते आणि त्याबरोबर बोटेही ओढली जाऊ शकतात. पट्टी अंतर सांभाळते, बोटे सांभाळत नाही. ते ज्ञान अजून माणसाकडेच आहे.

वर्गात एक प्रयोग करता येईल. कागदावर नाणे ठेवून वर्तुळ काढा व त्याचा मध्य शोधा. वर्तुळाबाहेर, मध्यापासून ५ सेंटिमीटर लंब अंतरावर, वेगवेगळ्या दिशांनी चार रेषा काढायला सांगा. मग विचारा: या चार पट्ट्यांना टेकवून कापलेल्या चार खाचांत फरक किती? उत्तर मिळाले की मुलांना एक जुनी पाटी दाखवा आणि चौकटीतली खाच बोटाने चाचपू द्या.