ऐंशी रुपयांचे भांडवल

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणी पापड लाटावयास बसल्या. भांडवल उसने घेतलेल्या ८० रुपयांचे. पहिल्या दिवशी तयार झाली अवघी चार पाकिटे. तोटा आला तरी देणगी घ्यावयाची नाही, हा निर्धार त्यांनी आरंभीच केला. ‘लिज्जत’चा पाया तो हाच. १९६६ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली. मळलेले पीठ घरी न्यावे, वाळलेले पापड दुसऱ्या दिवशी केंद्रावर द्यावेत, वजनाप्रमाणे मोबदला घ्यावा, अशी रीत बसली. चूल व मुले सांभाळून बाईच्या हाती स्वतःचा पैसा आला. येथे ती मजूर नव्हे, मालकीण होती; म्हणूनच नफ्याबरोबर तोट्याचाही वाटा तिने आपला मानला.