निराधार बालके, एकोणिसाव्या शतकातील (महाराष्ट्र)

गिरण्या, गोद्या, दुष्काळ आणि विधवाविवाहावरील बंदी यांमुळे एकोणिसाव्या शतकात शहरे व तीर्थक्षेत्रे यांत बेघर मुले वाढली. अमेरिकेत न्यूयॉर्कमधील अशा मुलांना 1854 पासून आगगाडीने पश्चिमेकडील शेतकरी कुटुंबांत धाडले जाई. इकडे 1850 च्या उमेदवारी कायद्याने अनाथ व गरीब मुलांना कारागिराच्या हाताखाली बांधून देण्याची सोय झाली. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या देणगीतून मुलांसाठी सुधारगृह उभे राहिले.

जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात 1863 मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, अशा आशयाच्या जाहिराती त्यांनी भिंतींवर लावल्या. तेथे जन्मलेला यशवंत फुले दांपत्याने दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला.

पंढरपुरात 1875 मध्ये न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने टाकून दिलेल्या अर्भकांसाठी बालकाश्रम सुरू झाला. मुंबईच्या प्रार्थना समाजाने तो चालवला.

1876–78 च्या दुष्काळाचा तडाखा मुंबई इलाख्याप्रमाणेच हैदराबाद संस्थानालाही बसला. 1877 मध्ये सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडी येथे दुष्काळग्रस्त मुलांसाठी अन्नछत्र चालवले. 1896–97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली-स्त्रिया आणल्या. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांना शिक्षणासोबत विणकाम, शेती व छपाई शिकवली जाई.